दातांतली फट आणि बेअरिंगवरचा दाब: डिफरन्शियलमधले दोन ‘प्ले’

जुनी महिंद्रा जीप उभी करायला घेतली, प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद डिफरन्शियलपर्यंत नेणारा दांडा) हाताने मागे-पुढे फिरवला, ‘खट्’ वाजलं की प्रत्येक गॅरेजात एकच वाक्य ऐकू येतं: “डिफरन्शियलला प्ले आहे, पिनियनचा नट ओढून देतो.” या एका वाक्याने किती चांगली बेअरिंगं जळालेली पाहिली आहेत! आपल्याकडे ‘प्ले’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात. एक आहे क्राऊन (आसाकडचं मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (शाफ्टकडचं लहान दातेरी चाक) यांच्या दातांमधली फट, म्हणजे बॅकलॅश. दुसरी आहे बेअरिंगमधली ढिलाई. त्यातली पहिली असावीच लागते. दुसरी शून्याच्याही खाली न्यावी लागते, म्हणजे रोलर आधीच दाबात बसवावे लागतात. त्या दाबाला प्रीलोड म्हणतात.

बॅकलॅश बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. पिनियन धरून ठेवायचा, क्राऊनच्या दातावर डायल गेज लावायचा, क्राऊन हलवायचा, काटा किती सरकतो ते वाचायचं. चार ठिकाणी मोजा. सीजे-3बी जीपच्या मागच्या, डाना 44 नावाच्या आसासारख्या जोडीला साधारण 0.005 ते 0.010 इंच फट लागते. दात तापून फुगतात आणि त्यांच्यामध्ये तेलाचा थर राहावा लागतो, म्हणून ती फट. तुमच्या आसाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

आता प्रीलोड. गोंधळ होतो तो इथे.

पिनियन दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगांवर फिरतो. गाडी ओढत असताना दात पिनियनला एका दिशेने ढकलतात, पाय उचलला की उलट दिशेने. बेअरिंगात जरा जरी ढिलाई असली तरी पिनियन पुढे-मागे सरकतो, दातांची गाठ जागा बदलते आणि अ‍ॅक्सिलरेटरवर एक सूर, सोडल्यावर दुसरा सूर ऐकू येतो. रोलर दाबात बसवले की पिनियन जागचा हलत नाही. जुन्या घरातलं जातं आठवा. वरच्या आणि खालच्या पाळूत दाण्यापुरती फट हवी, पण मधला खुंटा मात्र घट्ट हवा. खुंटा डुगडुगत असेल तर फट कितीही नेमकी ठेवली तरी पीठ एकसारखं येत नाही. बॅकलॅश म्हणजे पाळूंमधली फट, प्रीलोड म्हणजे खुंट्याचा घट्टपणा. आधी खुंटा, मग फट.

म्हणून पिनियनचा नट ओढून बॅकलॅश कमी होत नाही. डाना 44 मध्ये पिनियनच्या खांद्यावर, बाहेरच्या बेअरिंगच्या मागे, शिम (पातळ धातूच्या चकत्या) असतात. त्या कमी केल्या की बेअरिंगांची आतली कडी (कोन) जवळ येतात आणि दाब वाढतो. नट फक्त सगळं जखडतो; त्याला 200 ते 220 फूट-पाउंड टॉर्क द्यायचा तो द्यायचाच. काही गाड्यांत शिमांऐवजी चेपणारी नळी असते. तिथे नट आणखी ओढला की नळी आणखी चेपते, दाब हाताबाहेर जातो, आणि दातांतली फट जिथल्या तिथेच राहते. माझ्या पहिल्या जीपवर एका मेकॅनिकने हेच केलं. साठ किलोमीटरवर पिनियनचं बेअरिंग निळं पडलं होतं.

दाब मोजायला महाग हत्यार लागत नाही. क्राऊन ज्यावर बसतो ती केज बाहेर, ऑइल सील अजून बसवलेलं नाही, बेअरिंगाला तेलाचा हात दिलेला, अशा वेळी फ्लँजवर (पिनियनच्या टोकाची, शाफ्ट जोडायची तबकडी) दोरी गुंडाळा आणि ताणकाट्याने ओढा. नव्या बेअरिंगांना 20 ते 40 इंच-पाउंड लागतात, वापरलेल्यांना त्याच्या निम्मे. 5 सेंटिमीटर त्रिज्येवर नव्या बेअरिंगांसाठी काटा साधारण 5 ते 9 किलो दाखवेल. पिनियन संथ फिरत असतानाचा आकडा घ्या, सुटतानाच्या झटक्याचा नाही. “हाताला घट्ट लागतंय” हे मोजमाप मी मान्य करत नाही. नवं बेअरिंग आणि जाड ग्रीस असेल तर काहीही घट्ट लागतं.

केजच्या दोन बाजूंच्या बेअरिंगांपाशी मात्र हे दोन्ही हिशोब एकाच शिमांतून होतात, आणि चांगले हातही तिथे चुकतात. लक्षात ठेवायचं एवढंच: दोन्ही बाजूंच्या शिमांची बेरीज दाब ठरवते, त्यांची वाटणी बॅकलॅश ठरवते.

समजा क्राऊनच्या पाठीकडे 0.035 इंच शिम आहेत आणि दुसरीकडे 0.030. बेरीज 0.065. बॅकलॅश आला 0.013, तुम्हाला हवा 0.008. क्राऊन पिनियनकडे सरकवायला हवा. केज जितकी सरकते त्याच्या साधारण सात दशांश फरक बॅकलॅशमध्ये पडतो, म्हणून 0.007 इंच सरकवावं लागेल. मग पाठीकडे 0.042 आणि दुसरीकडे 0.023. बेरीज पुन्हा 0.065. दाब होता तेवढाच राहिला, फट कमी झाली. पुष्कळ जण पाठीकडे 0.007 घालतात आणि दुसरीकडून काढायचं विसरतात. गेजवर बॅकलॅश छान दिसतो, पण बेरीज 0.072 झालेली असते आणि दोन्ही बेअरिंगं पहिल्या दिवसापासून चिरडली जात असतात. आधी ढिलाई शून्य होईल एवढी बेरीज शोधा, फट वाटणीने बसवा, आणि शेवटी मॅन्युअलमधले दाबाचे इंचाचे हजारांश घाला.

डाना 44 मध्ये या शिम बेअरिंग आणि केजच्या मध्ये असतात, त्यामुळे प्रत्येक बदलाला पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लागतो. जुन्या बेअरिंगांचं आतलं भोक एमरी पेपरने हाताने सरकेल इतकं मोठं करून ठेवा आणि चाचणीला तीच वापरा. केज दाबात घालताना हाउसिंग थोडं ताणावं लागतं, 0.020 इंचापेक्षा जास्त ताणू नका. हातोड्याने केज ठोकून बसवणाऱ्याला मी माझ्या गाडीजवळ उभा करत नाही.

पिनियनची खोली हा तिसरा मुद्दा, पण तो सोपा आहे: दातांना शेंदूर तेलात कालवून लावा, ठसा दाताच्या मुळाशी किंवा टोकाशी गेला तर खोली चुकली, लांबीत सरकला तर बॅकलॅश. खरा शेंदूर शिशाचा असतो, हात धुऊनच जेवा.

आणखी एक. तोच जुना क्राऊन-पिनियन परत बसवणार असाल तर खोलण्याआधी बॅकलॅश मोजून लिहून ठेवा आणि तेवढाच ठेवा. झिजलेले दात त्या फटीवरच एकमेकांत मुरलेले असतात. पुस्तकी आकड्यावर आणलेत तर गाडी रडायला लागते. दात खवल्यासारखे उडाले असतील तर क्राऊन-पिनियन जोडीनेच बदला, कोरलेले नंबर जुळवून. एका गाडीचा क्राऊन आणि दुसऱ्या गाडीचा पिनियन कधीच लावू नका.

शाफ्टवरच्या त्या ‘खट्’चं काय? आठ दातांचा पिनियन आणि त्रेचाळीस दातांचा क्राऊन, म्हणजे 5.38चं गुणोत्तर. केजमधली लहान दातेरी चाकं (स्टार पिनियन), सन गेअरचे वॉशर, आसाचे स्प्लाइन (खाचा), हबची चावी (हबला आसाबरोबर फिरवणारी पट्टी) यांत मिळून दोन अंश ढिलाई असेल तर शाफ्टवर ती जवळपास अकरा अंश दिसते. दातांतली योग्य फट शाफ्टवर जेमतेम अर्धा अंश हलवते. म्हणून नटाला पाना लावण्याआधी शाफ्टच्या सांध्यांचे क्रॉस तपासा, मग हबची चावी, मग केज उघडून स्टार पिनियनची पिन. बहुतेक जुन्या जीपांत आवाज तिथेच सापडतो.

सगळं बसवल्यावर जीएल-5 दर्जाचं गिअर तेल भरा, वीस किलोमीटर बेताने चालवा आणि हाउसिंगच्या पिनियनकडच्या तोंडावर हात ठेवून पाहा. कोमट ते गरम चालेल. हात ठेवता येत नसेल तर पुढे जाऊ नका. फ्लँज काढा आणि पिनियनच्या शिम पुन्हा मोजा.