‘डू’चा कॅपिटल डी

मैत्रिणीला पत्र लिहिताना ‘डू’ म्हणजे ‘तू’ या शब्दाचा डी कॅपिटल काढायचा की लहान, यावर जर्मन भाषक दहा वर्षं हिरिरीने भांडले. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे या भांडणातली धग आपल्याला चटकन जाणवत नाही.

इंग्रजीत एकेरी ‘दाउ’ सतराव्या शतकात प्रमाण बोलीतून मागे पडत गेलं आणि मागे उरलं ते मुळातलं आदरार्थी ‘यू’. म्हणजे इंग्रज एकमेकांना ‘तू’ म्हणत नाहीत, सगळ्यांना ‘तुम्ही’च म्हणतात, आपण नेमकं उलटं धरून बसतो. देवापुढे सारे सारखे म्हणून मोठ्यांनाही एकेरीत बोलणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी त्यापायी मार खाल्ला.

जर्मनमध्ये आदर वाढतच गेला. आधी अनेकवचनी ‘ईर’, आणि अठराव्या शतकात चक्क ‘ते’ या अर्थाचं ‘झी’ (लिहिताना Sie) समोरच्या माणसासाठी रुळलं. आजही ‘झी कॉमेन’ कानावर पडलं तर ‘ते येतात’ आणि ‘तुम्ही येता’ असे दोन्ही अर्थ निघतात. कागदावर मात्र वाक्याच्या मधे कॅपिटल एस दिसला की ‘तुम्ही’. 1968च्या विद्यार्थी चळवळीपर्यंत विद्यार्थीसुद्धा आपसांत ‘झी’च म्हणत, ‘डू’ सर्रास झालं ते त्यानंतर.

1996च्या शुद्धलेखन सुधारणेने पत्रातल्या ‘डू’चा कॅपिटल डी काढून टाकला. युक्तिवाद असा की, ‘डू’ जवळिकीचं, मग त्याला मानाचं अक्षर कशाला? 1998 पासून शाळांतून तसंच शिकवू लागले. पण ते अक्षर मानापुरतं कधीच नव्हतं. ‘वी गेट एस डिअर’, म्हणजे ‘तू कशी आहेस’, या ओळीत शेवटच्या शब्दाचा डी मोठा असला की वाचणारीला कळतं, लिहिणारा आपल्यापाशी क्षणभर थांबला होता. जवळच्या माणसाचा मान राखायचा नाही, हे कुणी ठरवलं? मला तो निर्णय आजही कोरडा वाटतो. एका मोठ्या दैनिकाने 2000 साली अख्खी सुधारणाच नाकारून जुनं लेखन परत आणलं, एका राज्यात तर त्याआधीच सार्वमताचा कौल विरोधात गेला होता. अखेर 2006 मध्ये पत्रापुरती मुभा मिळाली: लहान किंवा मोठा, दोन्ही बरोबर.

‘झी’च्या एसला मात्र या सगळ्यात कुणी हात लावला नाही.