हिरा, तुरुंग आणि मुतखडा : कॅथलीन लॉन्सडेल यांच्या कामाची पार्श्वभूमी

विज्ञान दिनाला आपल्या गोव्यातल्या शाळांच्या भिंतींवर जे तक्ते लागतात, त्यांत स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल असल्याच तर एका ओळीपुरत्या असतात. १९४५ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या सर्वांत जुन्या विज्ञानसंस्थेने पहिल्यांदा स्त्रियांना सदस्य करून घेतले, त्या दोघींपैकी त्या एक. ओळ खरी आहे. पण त्याच्या दोनच वर्षे आधी त्या लंडनच्या हॉलोवे तुरुंगात कैदी होत्या, हे तक्त्यावर येत नाही, आणि माझ्या मते त्यांचे काम समजून घ्यायला तीच गोष्ट जास्त उपयोगी आहे.

जन्म आयर्लंडमधला, १९०३ चा. दहा भावंडांत धाकट्या. लहानपणीच घर इंग्लंडला आले. पदवीनंतर लंडनमध्ये क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधणाऱ्या गटात त्यांना जागा मिळाली. बारावीच्या मुलांना बेंझिनचा षट्कोन डोळे मिटून काढता येतो. तो षट्कोन कागदावर १८६५ पासून होता. पण प्रत्यक्षात कार्बनचे ते कडे सपाट आहे की हिऱ्यातल्या कड्यांसारखे वरखाली दुमडलेले, हे कोणी पाहिले नव्हते. त्यांचे स्वतःचे गुरू विल्यम हेन्री ब्रॅग दुमडलेल्या कड्याच्या बाजूचे होते. लग्नानंतर लीड्सला गेलेल्या लॉन्सडेलबाईंनी बेंझिनचेच कडे असलेल्या हेक्झामेथिलबेंझिनच्या स्फटिकांवर काम करून १९२९ पर्यंत दाखवून दिले की कडे सपाट आहे. गुरूंच्या मताविरुद्ध गेलेला हा निष्कर्ष गुरूंनी आनंदाने स्वीकारला.

पुढे तीन मुले झाली. आकडेमोड घरी, हाताने चाले. लंडनला परतल्यावर घरकामाला कोणी ठेवता यावे म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशन या संशोधनसंस्थेचे प्रमुख असलेल्या याच गुरूंनी पैशांची तजवीज केली. क्ष-किरणांचे यंत्र मोकळे नव्हते, तेव्हा पडून असलेला एक मोठा विद्युतचुंबक घेऊन त्यांनी स्फटिकांचे चुंबकीय गुण मोजायला सुरुवात केली. त्यातून बेंझिनसारख्या रेणूंतले काही इलेक्ट्रॉन एका अणूपाशी न राहता सगळ्या कड्यावर पसरलेले असतात, याला पुष्टी मिळाली.

१९३५ मध्ये पती-पत्नी दोघेही क्वेकर झाले. क्वेकर या ख्रिस्ती पंथात युद्धाला नकार ही श्रद्धेचीच बाब आहे. महायुद्धात नागरी संरक्षणाच्या कामासाठी नाव नोंदवणे सक्तीचे झाले आणि इथेच त्यांना तुरुंगात नेणारा तो वादग्रस्त निर्णय येतो. अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते की त्यांनी युद्धकाळात काम करायला नकार दिला म्हणून त्यांना शिक्षा झाली. हे बरोबर नाही. चौदा वर्षांखालची तीन मुले घरी असल्याने त्यांना कामातून सूट मिळालीच असती. एक अर्ज भरला असता तर विषय तिथेच संपला असता. त्यांनी अर्जच भरला नाही. लष्करी भरतीच्या कायद्यात सदसद्विवेकाच्या आधारावर नकार देण्याची वाट होती, या नोंदणीत ती नव्हती, आणि त्यांचा आक्षेप नेमका याला होता. दोन पौंड दंड झाला. तो भरला नाही, म्हणून महिनाभर कैद.

दोन पौंड! तेव्हाही ओळखीच्यांना हा हट्ट वाटला, आणि मुलांचा विचार करायला हवा होता असे म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. सूट घेणे म्हणजे सक्ती मान्य करून तिच्यातून स्वतःपुरते निसटणे, आणि हा फरक त्यांना मोलाचा वाटला. ज्यांच्या घरातले कोणी पोर्तुगीज राजवटीत आग्वादच्या किल्ल्यात बंद होते, त्या गोमंतकीय कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९४३ साली राममनोहर लोहियांची मडगावची १८ जूनची सभा अजून तीन वर्षे पुढे होती.

तुरुंगात दिवसा साफसफाईची कामे होती. कागदपत्रे मिळवून उरलेल्या वेळात त्यांनी संशोधन चालू ठेवले. बाहेर आल्यावर तुरुंगसुधारणेचे काम त्यांनी सोडले नाही, आणि अण्वस्त्रांविरुद्धही बोलत राहिल्या. १९४९ मध्ये प्राध्यापकपद, १९६६ मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद. बंड केलेल्या माणसाला मान मिळतच नाही असे नाही. आपल्याकडे मात्र गोव्यातच जन्मलेले, जुन्या नाण्यांवर संख्याशास्त्र चालवणारे आणि अणुऊर्जेच्या धोरणावर उघड टीका करणारे एक मोठे गणिती होते, दामोदर धर्मानंद कोसंबी. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत, तरी शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत.

युद्धाच्याच वर्षांत हिऱ्याच्या क्ष-किरण छायाचित्रांत ठसठशीत ठिपक्यांच्या आसपास दिसणाऱ्या पसरट डागांवरून वाद पेटला होता. बंगळूरच्या आपल्या नोबेलविजेत्या सी. व्ही. रामन यांनी त्यांचा नवाच अर्थ मांडला होता; लॉन्सडेलबाईंचा गट ते अणूंच्या उष्णतेने होणाऱ्या थरथरीशी जोडत होता. पुढे थरथरीचे स्पष्टीकरणच टिकले.

हिऱ्याशी त्यांचे नाव जोडले गेले १९६७ मध्ये, आणि तिथे शब्दांचा गुंता आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात पडलेल्या एका अशनीत, म्हणजे अवकाशातून आलेल्या दगडात, कार्बनचा षट्कोनी जातीचा हिरा आढळल्याचे जाहीर झाले. प्रयोगशाळेतही तो प्रचंड दाबाखाली त्याच सुमारास बनवला गेला. खनिजाला नाव मिळाले लॉन्सडेलाइट. म्हापशाच्या बाजारात मोसंब्यांची रास रचताना दुसरा थर पहिल्याच्या खाचांत बसतो. तिसरा थर बरोबर पहिल्याच्या वर ठेवता येतो किंवा उरलेल्या खाचांवर सरकवता येतो. नेहमीच्या हिऱ्यात कार्बनचे थर सरकत जातात आणि चौथा पहिल्याच्या वर येतो. लॉन्सडेलाइटमध्ये तिसराच येतो. फरक एवढाच, पण रचणारा मध्येच चुकला तर त्या राशीला काय म्हणायचे? २०१४ मध्ये काही संशोधकांनी नेमके हेच विचारले: अशनीतला तो पदार्थ म्हणजे थर चुकलेला, जुळे झालेला (एकमेकांच्या प्रतिमेसारखे स्फटिक जोडले गेलेला) साधा हिराच आहे, वेगळे खनिज नाही. म्हणजे ‘षट्कोनी हिरा’ हे रचनेचे नाव झाले आणि ‘लॉन्सडेलाइट’ हे अशनीत सापडलेल्या वस्तूचे. दोन्ही एकच समजून लिहिण्याची सवय मात्र जात नाही. २०२२ मध्ये दुसऱ्या जातीच्या अशनींत तो सुस्पष्ट सापडल्याचा दावा झाला, आणि २०२५ मध्ये चीनमधल्या गटांनी षट्कोनी हिऱ्याचे डोळ्यांना दिसण्याइतके तुकडे प्रयोगशाळेत बनवल्याचे जाहीर केले. तो साध्या हिऱ्याहून ५८ टक्के कठीण, हा वारंवार छापला जाणारा आकडा २००९ च्या गणितातून आलेला आहे, मोजमापातून नाही.

त्यांनी स्वतः शेवटची वर्षे घातली ती मुतखड्यांवर. मूत्राशयातले आणि मूत्रपिंडातले खडे क्ष-किरणांखाली ठेवून त्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेट, यूरिक ॲसिड, फॉस्फेट यांचे कोणते स्फटिक आहेत हे त्या पाहत. एका पदार्थाच्या स्फटिकावर दुसऱ्याचा थर चढतो तो दोघांतल्या अणूंची अंतरे जुळतात म्हणून, असे त्यांचे म्हणणे होते. १९६८ मध्ये त्यांनी यावर सविस्तर लिहिले आणि १ एप्रिल १९७१ ला त्या गेल्या.