भिकारणीचं पोर कोण शोधणार?

सिरियल किलरच्या मागावरच्या सिनेमांची वंशावळ काढायची तर १९३१च्या जर्मन ‘एम’पाशी जावं लागतं. फ्रिट्झ लांगच्या या सिनेमात बर्लिनमध्ये पोरं मारणाऱ्याला हुडकायला पोलीस तर फिरतातच, पण शहरातले गुन्हेगारही भिकाऱ्यांना गल्लोगल्ली पाळतीवर बसवतात. शेवटी आंधळा फुगेवाला त्याला शिट्टीवरून ओळखतो. (तेव्हा आपल्या कोल्हापुरात प्रभातवाले अजून पहिल्या बोलपटापर्यंतही पोचले नव्हते.)

आता आपल्याकडची हकिकत. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित, तिघी पाकीटमार. एकदा चोरी करताना रेणुका सापडली, पण कडेवर स्वतःचं पोर होतं. लेकुरवाळी बाई चोरी करेल होय, म्हणत लोकांनीच सोडून दिलं. तिथून युक्ती सुचली: पोर जवळ असलं की निभावतं. मग दुसऱ्यांची पोरं उचलायची.

१९९०मध्ये कोल्हापुरातून एका भिकारणीचं तान्हं पोर उचललं. पुढे सीमा पाकीट मारताना सापडली, तेव्हा गर्दीचं लक्ष फिरावं म्हणून अंजनाबाईनं तेच पोर जमिनीवर आपटलं. त्याच दिवशी त्याला संपवलं. हे पोर धरून सहा वर्षांत तेरा मुलं पळवल्याचा आरोप या मायलेकींवर होता. एक पोर या गावचं, दुसरं त्या गावचं. हरवल्याच्या तक्रारी वेगवेगळ्या ठाण्यांत. एका सुतात ओवायचं कुणी? ‘एम’मध्ये अख्खं शहर पाळतीवर बसतं; इथं बळी भिकारणीच्याच पोटचा होता.

पकडलं गेलं तेही घरच्या भांडणातून. अंजनाबाईच्या नवऱ्यानं दुसरा संसार थाटला होता, तिचा त्यावर डूख. सवतीची एक मुलगी आधीच मारली होती. १९९६मध्ये दुसरीवर डोळा ठेवला आणि सवतीनं पोलीस गाठले. नाशिकला अटक झाली, मग एकेक प्रकरण उलगडत गेलं. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. सिनेमात हुशार इन्स्पेक्टर भिंतीवर फोटो लावून दोरे जोडतो, तसलं काही इथं नव्हतं.

अंजनाबाई १९९७मध्ये कोठडीतच वारली. कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात २००१ला दोघी बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली गेली. हायकोर्टानं २००४ला आणि सुप्रीम कोर्टानं २००६ला ती कायम केली. राष्ट्रपतींनी २०१४ला दयेचा अर्ज फेटाळला. पण त्या अर्जावरच्या निकालाला जवळपास आठ वर्षं लागली होती, म्हणून जानेवारी २०२२मध्ये मुंबई हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली.

आमच्या लहानपणी कोल्हापूरच्या महाद्वार रोडला गर्दीत शिरताना आई मनगट असं आवळायची की बांगडीचा वळ उठायचा. ‘हात सोडलास तर बघ,’ एवढंच म्हणायची. नाव कधी घ्यायची नाही.