श्वानदंश-प्रतिबंध (सातारा व सांगली जिल्हे)

कुत्रा चावू नये म्हणून घ्यायची काळजी आणि चावलाच तर रेबीज होऊ नये म्हणून करायचे उपचार, या दोन्हींचा श्वानदंश-प्रतिबंधात समावेश होतो. भारतात माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्यामुळेच होतो आणि एकदा लक्षणे दिसू लागली की रुग्ण सहसा वाचत नाही. सातारा-सांगलीत अनोळखी कुत्रा म्हटले की गल्लीतली मोकाट कुत्री डोळ्यांपुढे येतात. पण मळ्यातल्या वस्तीवरचा, मेंढरांमागचा आणि ऊसतोड टोळीबरोबर आलेला कुत्राही अनोळखीच असतो. तो कशाची राखण करतो आहे हे ओळखले की निम्मा धोका टळतो.

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू तालुक्यांतले मेंढपाळ पावसाळ्यानंतर कळप घेऊन चाऱ्या-पाण्याच्या मुलखाकडे उतरतात. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढरे रानात बसवून घेतात. तिथला कुत्रा लांडग्याला अडवण्यासाठी पाळलेला असतो, त्यामुळे आपला हेतू चांगला आहे की वाईट याच्याशी त्याला देणेघेणे नसते. लांबूनच ‘कुत्रं आवरा’ अशी हाक द्यावी आणि धनी पुढे येईपर्यंत जागेवर थांबावे. कोकरू उचलून फोटो काढण्याचा मोह इथे महागात पडतो.

मळ्यातल्या वस्तीलाही हाच नियम. बांधावरूनच आवाज द्यावा, गोठ्यामागून येऊ नये. बांधलेला कुत्रा निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. दिवसभर साखळीला असलेले जनावर जास्तच चिडके होते. साखळी जिथवर पोचते तिथली माती झिजून गोल वाट पडलेली असते. त्या वाटेच्या आत पाय टाकू नये.

कुत्र्यांचा माज, म्हणजे समागमाचा काळ, भाद्रपदात जोरात असतो. तेव्हा एका कुत्रीमागे नर टोळीने फिरतात आणि त्यांच्यात भांडणे जुंपतात; मध्ये सापडलेल्या माणसाला चावा बसतो. गाभणकाळ सुमारे 63 दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिल्ले होतात. नेमका तेव्हाच उसाचा गळीत हंगाम भरात असतो. कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात, माणसे पहाटेच उसाच्या फडावर जातात आणि कोपीची राखण कुत्र्याकडे राहते. उभ्या ट्रॉलीखाली, पाचटाच्या ढिगात कुत्री व्यालेली असू शकते. पिल्लांचा आवाज आला तर मुलांना तिकडे फिरकू देऊ नये. आई जवळपास दिसत नाही म्हणजे ती नाही असे नव्हे.

शहरात, मग ते कराड असो की मिरज, चिकन-मटणाच्या दुकानांभोवती आणि उकिरड्यांवर कुत्र्यांच्या टोळ्या जमतात. पहाटे फिरायला जाणारे, दूधवाले आणि रात्रपाळीहून परतणारे यांची त्यांच्याशी गाठ पडते. पळू नये, पळणाऱ्यामागे धावणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. हात अंगाशी घेऊन स्तब्ध उभे राहावे, डोळ्यांत डोळे घालून पाहू नये आणि कुत्रा शांत झाला की पाठ न दाखवता सावकाश मागे सरावे. पिशवी, छत्री, सायकल, जे हाताशी असेल ते मध्ये धरावे. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाकावेत. दुचाकीमागे कुत्रा लागला तर वेग हळूहळू कमी करावा. लाथ मारायला गेलेला पाय आणि घाबरून पिळलेला ॲक्सिलरेटर यांमुळे गाडी घसरते, आणि ते पडणे कित्येकदा चाव्याहून वाईट ठरते.

भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही म्हण कुत्र्यांना ठाऊक नसते. शेपूट हलते म्हणजे तो खूश आहे, हेही खरे नाही: ताठ उभारलेली, आखडून हलणारी शेपूट हा इशारा असतो. अंग ताठरणे, ओठ वर ओढणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, मान वळवून पुन्हा पुन्हा ओठ चाटणे या खुणा चाव्याच्या आधीच्या आहेत. मुलांना त्या वाचता येत नाहीत आणि उंची कमी असल्याने त्यांना चावा तोंडावर, मानेवर बसतो. शिवाय ओरडा मिळेल म्हणून ती ओरखडा लपवतात. त्यामुळे चावल्यावर रागावायचे नाही, हा घरातल्या मोठ्यांसाठी प्रतिबंधाचाच भाग आहे.

चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची किंवा तेल लावू नये. घाईने टाके घालून घेऊ नयेत. लस हातावर देतात. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ती 0 (पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28 या दिवशी, तर स्नायूत देण्याच्या पद्धतीत 14 व्या दिवशीही घ्यावी लागते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती गावोगाव अजून आहे. ती मेंदूच्या पेशींपासून बनवलेल्या जुन्या लशीची, जिचा वापर भारतात 2004 च्या अखेरीस थांबला. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते, त्यासाठी बऱ्याचदा मोठ्या रुग्णालयात जावे लागते. कुत्रा डोळ्यांसमोर असल्यास 10 दिवस त्याच्यावर लक्ष ठेवतात, मात्र तोवर लस लांबवायची नसते.

मोकाट कुत्र्यांबाबत 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रा सहसा पकडला त्याच भागात सोडला जातो; कानाला पाडलेली खाच ही त्याची खूण. ती शस्त्रक्रिया झाल्याची खूण आहे, कुत्रा चावणार नाही याची हमी नव्हे. एखाद्या भागातल्या सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते.

दुभत्या जनावरांच्या या पट्ट्यात आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पिसाळलेला कुत्रा चावलेली गाय किंवा म्हैस काही आठवड्यांनी चारा सोडते, लाळ गाळते, घोगरे हंबरते. घशात काही अडकले असेल म्हणून घरधनी तोंडात हात घालतो. हाताला खरचटलेले असेल तर त्या लाळेतूनही संसर्ग होऊ शकतो, म्हणून अशा वेळी आधी पशुवैद्यकाला बोलवावे आणि हात घालून झाला असल्यास आरोग्य केंद्र गाठावे. त्या जनावराचे उकळलेले दूध प्यायल्याने रेबीज होत नाही.