मास्तर ते बालपुस्तकवाले: डेन्मार्कमधली वाट

डेन्मार्कमध्ये शाळेत शिकवणाऱ्या माणसानं काही वर्षांनी खडू खाली ठेवायचा आणि मुलांच्या पुस्तकांच्या कामात शिरायचं, मग ते लेखक म्हणून असो, चित्रकार म्हणून, संपादक म्हणून नाहीतर थेट स्वतःचं प्रकाशन काढून, ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की शिक्षकांना वगळून तिथल्या बालसाहित्याचा इतिहास सांगताच येत नाही. या वाटेला तिथं काही खास नाव नाही. पण ती आहे, आणि ती समजून घेतली की एवढ्या छोट्या देशात (लोकसंख्या साधारण ६० लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी) मुलांची इतकी चांगली पुस्तकं कुठून आली ते कळतं.

पहिलं कारण भाषा. डॅनिश लिहितात एक आणि बोलतात भलतंच. चाकाला जो शब्द आहे तो एच-जे-यू-एल असा लिहितात, नाताळचा शब्द जे-यू-एल असा, आणि दोन्हींचा उच्चार सारखाच, यूल. कुत्र्याच्या शब्दात शेवटी डी लिहायचा पण म्हणायचा नाही, नुसतं हुन. सहा-सात वर्षांच्या पोरानं हे कसं लक्षात ठेवायचं? २००३ साली युरोपातल्या १३ भाषांमधल्या मुलांच्या सुरुवातीच्या वाचनाचा एक अभ्यास आला होता, त्यात इंग्रजी सगळ्यात मागं होती, पण हळू वाचायला शिकणाऱ्यांमध्ये डॅनिश मुलंही होतीच. म्हणजे पहिली-दुसरीच्या मास्तरसमोर रोज एक पोरगं असं बसलेलं असतं जे हुशार आहे, गोष्ट ऐकायला आवडते, पण समोरचं पान काही केल्या फुटत नाही, आणि हातातलं पुस्तक त्याच्यासाठी एकतर फार अवघड असतं नाहीतर इतकं बाळबोध की त्याला लाज वाटावी. बरेच मास्तर इथूनच स्वतः लिहायला लागले.

दुसरं कारण वर्गशिक्षकाची पद्धत. दर वर्षी नवीन वर्गशिक्षक असा प्रकार तिथं परंपरेनं नाही, एकच शिक्षक, बहुतेक वेळा डॅनिश भाषा शिकवणारा, तोच वर्ग घेऊन वर्षानुवर्षं पुढं जातो. त्यामुळं तेच वीसेक चेहरे सात वर्षांचे असल्यापासून चौदा-पंधरापर्यंत त्याच्या डोळ्यासमोर मोठे होतात. कुठल्या पानावर पोरं चुळबुळ करतात, कुठं एकदम शांत होतात, कोण दुसऱ्यांदा तीच गोष्ट मागतं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. प्रकाशकाच्या ऑफिसात बसून हे कळणं शक्यच नाही असं माझं ठाम मत आहे.

मुळं मात्र बरीच जुनी आहेत. शिक्षक तयार करणारं ब्लोगोर सेमिनारियम कोपनहेगनला १७९१ मध्ये सुरू झालं, १८१४ च्या कायद्यानं मुलांना सात वर्षं शिक्षण देणं सक्तीचं झालं, आणि मग पाठांतराचं राज्य आलं. धर्माची प्रश्नोत्तरं घोकायची, चुकलं की मार. याला ज्यांनी विरोध केला त्यात धर्मगुरू आणि कवी ग्रुंटविग हे मोठं नाव, पण मला जवळचा वाटतो तो क्रिस्टेन कोल. चांभाराचा मुलगा, १८१६ चा जन्म. घोकंपट्टी करून घ्यायला नकार दिला म्हणून त्याला नोकरी मिळेना, तर एका मिशनऱ्याबरोबर तो तुर्कस्तानात स्मर्नाला गेला, तिथं पुस्तकबांधणी करून पोट भरलं आणि परत येताना इटलीच्या वरच्या टोकापासून, ट्रिएस्टपासून, सामानाची हातगाडी ओढत पायी घरी आला. १८५२ मध्ये फ्यून बेटावर डाल्बीला त्यानं स्वतःची मोकळी शाळा काढली. तिथं मुख्य साधन एकच, गोष्ट. मास्तरनं गोष्ट सांगायची, पोरांनी ऐकायची, घोकायचं काही नाही. कोलनं मुलांसाठी गोष्टीची पुस्तकं छापली नाहीत, पण मास्तरला गोष्ट सांगता आलीच पाहिजे ही अपेक्षा डेन्मार्कमध्ये रुजली ती या लोकांमुळं.

छापील पुस्तकात हे पहिल्यांदा ठसठशीत दिसतं ते १९२७ च्या 'ओले बोले' या अंकलिपीत. मजकूर क्लाउस एस्किल्डसेन यांचा, जे जर्मनीच्या सीमेजवळच्या ट्योनर गावात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना शिकवायचे, आणि चित्रं कोणाची तर स्टॉर्म पी. यांची, म्हणजे पेपरात व्यंगचित्रं काढणारा देशातला सगळ्यात लाडका माणूस. अंकलिपीला असा चित्रकार घ्यायचा हाच मोठा निर्णय होता! अक्षर शिकवायचं पुस्तक गमतीचं असू शकतं हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. पुढं १९४८ मध्ये स्पेलिंगचे नियम बदलले, नामाचं पहिलं अक्षर मोठं लिहायची पद्धत गेली आणि दोन ए जोडून लिहायच्या जागी डोक्यावर गोल असलेलं नवीन अक्षर आलं, त्यामुळं लहान मुलांच्या हातातली पुस्तकं नव्यानं करायचीच वेळ आली. १९५४ पासून चांगल्या बालपुस्तकाला सरकारी पुरस्कारही सुरू झाला.

आता इब स्पांग ओल्सेन. १९२१ चा जन्म, शिक्षकाचं ट्रेनिंग ब्लोगोरलाच, मग चित्रकलेच्या अकादमीत शिक्षण, आणि १९५० च्या दशकात चित्रं काढता काढता शाळेत नोकरी. नंतर पूर्णवेळ पुस्तकं. त्यांचं १९६२ चं चंद्रावरच्या मुलाचं पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा आकारच नजरेत भरतो, उंच आणि एकदम अरुंद, जिन्याच्या कठड्यासारखं. का? कारण गोष्टच वरून खाली जाते. चंद्राला खाली पाण्यात दुसरा चंद्र दिसतो, तो आपल्याजवळच्या पोराला सांगतो की जा आणि तो घेऊन ये, पोरगं टोपली घेऊन निघतं आणि पानामागून पान खाली खाली येत राहतं, आकाशातून शहरावर, शहरातून पाण्यात, आणि तिथं तळाशी त्याला एक आरसा सापडतो. तो आरसा वर नेला की चंद्र त्यात बघतो, हाच तो दुसरा चंद्र म्हणून खूश. ज्याला अजून नीट वाचता येत नाही अशा पोरालाही नुसतं पान उलटत गेलं की गोष्ट कळते, कारण कागदाचा आकारच गोष्ट सांगतोय. हे वर्गात बसलेल्या माणसाचं डोकं आहे. कवी हाल्फदान रास्मुसेन यांच्याबरोबर त्यांनी केलेली १९६७ ची कवितांची अंकलिपी आजही डॅनिश घराघरात असते. १९७२ मध्ये त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळालं, मुलांच्या पुस्तकांमधला जगातला सगळ्यात मोठा मान. २०१२ मध्ये ते गेले.

दुसरं नाव ओले लुंड किर्केगोर, आणि याच्याबद्दल थोडं जास्त लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९४० चा जन्म, उत्तर जटलंडमध्ये मास्तर. १९६६ मध्ये पेपरच्या कथास्पर्धेत नाव झालं, १९६७ मध्ये पहिलं पुस्तक आलं, आणि पुढच्या बारा वर्षांत जे लिहिलं ते तिथली प्रत्येक पिढी वाचते. चित्रंही स्वतःच काढायचा, वेडीवाकडी, शाईची, वहीच्या मागच्या पानावर काढल्यासारखी. १९७५ च्या 'गुमी टार्झन'मध्ये इवान ओल्सेन नावाचा बारका पोरगा आहे, मोठी पोरं त्याला छळतात, बापाला वाटतं की पोरगा टार्झनसारखा दणकट व्हावा, शाळेत वाचन जमत नाही म्हणून तिथंही बोलणी. मग एक चेटकीण भेटते आणि एक दिवस त्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या होतात. विचार करा, ज्या माणसानं रोज वर्गात वाचन शिकवलं त्यानं पुस्तकाचा हीरो केला तो वाचता न येणारा पोरगा, आणि त्याच्या बाजूनं, एकदासुद्धा उपदेश न करता. मुलांना हे लगेच कळतं की हा माणूस आपला आहे. १९७० च्या उडत्या गालिच्याच्या पुस्तकात त्यानं हीरोचं नाव ठेवलं होजा, म्हणजे आपल्याला मुल्ला नसरुद्दीन म्हणून माहीत असलेल्या नसरुद्दीन होजाचं नाव. मार्च १९७९ मध्ये तो बर्फात गारठून गेला, वय फक्त ३८. काही पुस्तकं नंतर आली.

ब्यार्ने रॉयटरही शिक्षकच, १९८० मध्ये शाळा सोडून पूर्णवेळ लेखक झाले, त्यांच्या बस्टर नावाच्या पोरावर पुढं बिले आउगुस्ट यांनी सिनेमा काढला.

नावं झालेल्या लोकांच्या मागं मात्र खूप मोठी फळी आहे जिची नावं कव्हरवर छोट्या टायपात असतात. सोप्या वाचनाची पुस्तकं नावाचा जो प्रकार डेन्मार्कमध्ये वाढला तो बराचसा शिक्षकांनीच वाढवला. यात वाक्यं छोटी, ओळ मध्येच कुठंही न तोडता अर्थाला धरून तोडायची, शब्द तोडून पुढच्या ओळीवर न्यायचा नाही, आणि तरी गोष्टीत खरी गंमत पाहिजे. पुस्तक किती अवघड आहे हे मोजायला १९६८ मध्ये स्वीडनमध्ये लिक्स नावाचं माप निघालं ते डॅनिश शाळांनीही उचललं. हिशोब सोपा आहे: एका वाक्यात सरासरी किती शब्द ते काढा, त्यात सहापेक्षा जास्त अक्षरं असलेल्या शब्दांची टक्केवारी मिळवा. वाक्यात सरासरी सहा शब्द आणि शंभरात चार लांब शब्द असतील तर लिक्स दहा, म्हणजे नवशिक्यांसाठी. पण चांगला मास्तर-संपादक आकड्यावर थांबत नाही, कारण मुलाला रोज कानावर पडणारा लांब शब्द सोपा जातो आणि कधीच न ऐकलेला तीन अक्षरी शब्द अडतो, हे मापात येत नाही, वर्गातच कळतं. डॅनिश भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांची संघटना तर १८८५ ची आहे आणि तिचं स्वतःचं प्रकाशनही आहे.

पैशाचं काय, कारण नोकरी सोडायची म्हणजे घर चालायला हवं. इथं दोन गोष्टींनी हात दिला. लायब्ररीतल्या पुस्तकांसाठी लेखकाला सरकारनं पैसे द्यायचे हा कायदा जगात सगळ्यात आधी डेन्मार्कनं केला, १९४६ मध्ये, आणि त्यासाठी लेखिका थिट येन्सेन कितीतरी वर्षं भांडत होती. मग १९६४ च्या लायब्ररी कायद्यानं प्रत्येक नगरपालिकेला लायब्ररी, त्यात मुलांचा विभाग आणि शाळेत लायब्ररी हे बंधनकारक झालं. म्हणजे छोट्या प्रकाशकाच्या मुलांच्या पुस्तकालाही देशभर एक ठरलेलं गिऱ्हाईक तयार झालं.

तरी रंगीत चित्रपुस्तक एकट्या डॅनिशमध्ये छापणं परवडत नाहीच. त्यावरचा तोडगा म्हणजे चार-पाच देशांच्या प्रकाशकांनी मिळून एकत्र छपाई करायची. निळा, लाल, पिवळा या रंगांच्या प्लेटा सगळ्यांना त्याच, फक्त काळ्या शाईची मजकुराची प्लेट भाषेप्रमाणं बदलायची, मशीन थांबवून डॅनिश काढा, स्वीडिश लावा, पुन्हा चालू. म्हणून अशा पुस्तकात अक्षरं काळीच असतात आणि चित्रात दुकानाच्या पाटीवर सहसा काही लिहिलेलं नसतं. शिक्षकी सोडून आलेल्या माणसाला हे सगळं नव्यानं शिकावं लागतं: कागदाचा भाव, परदेशातल्या पुस्तकांच्या मेळ्यात जाऊन छापायचे हक्क विकत घेणं, गोडाऊनमध्ये पडून राहिलेल्या प्रती.

पुस्तकांवर तिथं कित्येक वर्षं २५ टक्के कर होता, दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर असतो तेवढाच. मुलांचं वाचन कमी होतंय अशी ओरड वाढल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं तो कर काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं.