चाकातला एक किलो आणि गाडीतले दहा

अलॉय व्हीलच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर पडते: ‘चाकात एक किलो वाचवला की गाडीतले दहा किलो कमी केल्यासारखे आहे.’ कुणी दहाच्या जागी चार सांगतो, कुणी वीस. वेगवान गाड्यांच्या हौशी मंडळींत हे इतके रुळले आहे की त्याच्या भरवशावर लोक मोठी रक्कम मोजून चाकांचा नवा संच घेतात. हलकी चाके चांगलीच असतात. दहाचा आकडा मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे अकरावीच्या भौतिकशास्त्राने कागदावर दाखवता येते.

उदाहरणाला पुण्याजवळ चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेऊ. दीड लिटरचे टर्बो इंजिन, १५० पीएस (अश्वशक्ती), टायर २०५/५५ आर १६: रुंदी २०५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची. या मापाच्या टायरची बाहेरची त्रिज्या ३१६ मिमी भरते आणि आतल्या रिमची २०३ मिमी. पुढचे सगळे गणित या दोन संख्यांवर उभे आहे.

सीटखाली ठेवलेला एक किलो गाडीबरोबर फक्त पुढे जातो. चाकातला एक किलो पुढे जातो आणि त्याच वेळी अक्षाभोवती फिरतो, म्हणून त्याला वेग देताना इंजिनला दोन खाती भरावी लागतात. दुसऱ्या खात्यात किती जाणार, हे तो किलो अक्षापासून किती दूर आहे यावर ठरते. टायर घसरत नसेल तर त्याचा बाहेरचा काठ अक्षाभोवती नेमका गाडीच्याच वेगाने फिरतो. रिमचा काठ त्याच्या २०३ भागिले ३१६, म्हणजे ०.६४ पट वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते आणि ०.६४ चा वर्ग ०.४१ येतो. म्हणजे रिमच्या काठावरचा एक किलो इंजिनला १.४१ किलोसारखा जाणवतो. आऱ्यांच्या मध्यावर, अक्षापासून १२० मिमीवर, तोच किलो १.१४ होतो. हबजवळ, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते त्या मधल्या भागाजवळ, ६० मिमीवर जेमतेम १.०४. टायर वगळून पूर्ण चाकाचा हिशेब केला तर गुणक १.३ च्या आसपास येतो. मापे बदला, गाडी बदला, रिम कितीही मोठे घ्या; हा गुणक २ च्या वर जाऊच शकत नाही, कारण टायरच्या काठापलीकडे फिरणारे वस्तुमानच नसते.

यातून एक गोष्ट निघते जी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. सर्वाधिक गुणक टायरच्या वाट्याला येतो. त्याचे बरेच वजन रस्त्याला लागणाऱ्या पट्ट्यात, अगदी काठाला असते, म्हणून तिथला किलो जवळपास १.९ किलोइतका ठरतो. प्रवेग हवा असेल तर टायरमधला एक किलो रिममधल्या किलोपेक्षा आधी वाचवायला हवा. उलट १६ इंची चाक काढून १७ इंची बसवले की धातू अक्षापासून दूर सरकतो. वजनकाट्यावर दोन्ही चाके सारखी भरली, तरी फिरवायला मोठे चाक जड जाते.

आता फायदा मोजू. प्रत्येक चाकात ३ किलो वाचले, चारांत १२. गुणिले १.३, म्हणजे साधारण १६ किलो. चालकासह गाडी सुमारे १३५० किलो धरली तर हे सव्वा टक्का होते. शून्य ते शंभरला नऊ सेकंद लागत असतील, तर वाचतो एक दशांश सेकंद. स्टॉपवॉच हातात धरून तो पकडता येणार नाही.

मग दहाचा आकडा येतो कुठून? त्या तोडीचा आकडा गाडीत एका जागी खरोखर सापडतो: फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीत. पहिल्या गिअरला इंजिन चाकापेक्षा साधारण १३ पट वेगाने फिरते असे धरू. फ्लायव्हीलमध्ये अक्षापासून १०० मिमीवर असलेला किलो मग टायरच्या काठाच्या चौपट वेगाने फिरतो. चारचा वर्ग सोळा, त्यात पुढे जाण्याचा एक मिळवा. झाले सतरा! वरच्या गिअरला हेच गुणोत्तर तीनच्या आसपास येते आणि गुणक दोनच्याही खाली घसरतो. चाकाच्या बाबतीत गिअरचा प्रश्नच येत नाही. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये गिअरबॉक्स नसतो. फ्लायव्हीलचे गणित चाकाला चिकटवले की दहा-वीसच्या गप्पा सुरू होतात.

हलक्या चाकाचा खरा मोबदला प्रवेगात नाही, तो खराब रस्त्यावर मिळतो. चाक, ब्रेक आणि हब हे सस्पेन्शनच्या स्प्रिंगखाली लटकलेले असतात. एका कोपऱ्यात त्यांचे वजन ४० किलो धरू. खाली टायर आहे आणि तोही एक स्प्रिंगच, सस्पेन्शनच्या स्प्रिंगपेक्षा सात-आठ पट ताठ. या दोन स्प्रिंगांमध्ये अडकलेले चाक सेकंदाला साधारण १२ वेळा थरथरू शकते. वरची गाडी डुलते सेकंदाला एक-दीड वेळा. ताशी ८० किमीला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे रस्त्यावर दर पावणेदोन-दोन मीटरला उंचवटा असेल तर चाक नेमके आपल्या लयीत नाचू लागते. ते वर उडते तेव्हा रस्त्यावरचा भार हलका होतो आणि खाली आपटते तेव्हा वाढतो. आता रबराचा स्वभाव लक्षात घ्या: भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणून भार वरखाली होत राहिला की वाढीच्या क्षणी मिळालेली पकड घटीच्या क्षणी गमावलेली पकड भरून काढत नाही. सरासरी भार तोच राहूनही सरासरी पकड घटते. चाळीसातले तीन किलो गेले की चाक रस्त्याच्या चढउताराला लवकर प्रतिसाद देते, शॉक ॲब्सॉर्बरला त्याला आवरणे सोपे जाते आणि भाराचे हे हेलकावे आखूड होतात. घाटातल्या उखडलेल्या वळणावर हा फरक स्टीअरिंगमध्ये जाणवतो.

मोठ्या व्यासाने टायरची भिंत आखूड होते, म्हणजे खालची स्प्रिंग आणखी ताठ. याबाबत होंडाचा निर्णय बोलका आहे. सिव्हिक टाइप आरच्या २०१७ च्या पिढीला २४५/३० आर २० टायर होते; २०२२ च्या पिढीत ते २६५/३० आर १९ झाले. चाक एक इंच लहान, टायर २० मिमी रुंद. ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबून धरणाऱ्या भागाला) जागा पुरेल एवढे लहान रिम आणि त्यावर चांगला टायर, माझा कौलही त्याच बाजूने आहे.

ऑफसेट, म्हणजे रिमवर ईटी लिहून दिलेला मिलिमीटरमधला आकडा, याकडे लोक फक्त चाक मडगार्डच्या कडेला आणण्याचे साधन म्हणून बघतात. चाक जिथे हबला टेकते तो पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. ईटी ४० ऐवजी २५ घेतला तर चाकाची मध्यरेषा १५ मिमी बाहेर सरकते. स्टीअरिंग ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते तो अक्ष मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे एक चाक पाण्यात गेले किंवा एका बाजूला ब्रेक जास्त लागला की तो झटका हातापर्यंत पोहोचतो, आणि हबच्या बेअरिंगवरही वाकवणारा जोर वाढतो. रुंदी बदलली तरी ईटी मूळच्या जवळ ठेवावा.

बोल्टबाबत एक गैरसमज धोकादायक आहे. चाक बोल्टच्या दांड्यावर लटकलेले नसते. बोल्ट ताणले जाऊन चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबामुळे निर्माण झालेले घर्षण गाडीचा भार वाहते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचे डोके गोलाकार बैठकीचे असते, तर बाजारातल्या बहुतेक चाकांना शंकूच्या आकाराची बैठक लागते. गोल डोके शंकूत बसवले तर ते एका बारीक कड्यावरच टेकते. पाना कडक लागतो, पण दाब टिकत नाही. या गाडीचा पीसीडी ५×१००, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि हबचे भोक ५७.१ मिमी. चाकाचे भोक मोठे असेल तर मधली रिंग घ्या, ती चाक मध्यावर आणते.

किमतीतला मोठा फरक बनवण्याच्या पद्धतीचा. ओतीव चाकात वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात थिजते आणि त्यात सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात. घडीव चाकात घट्ट धातूचा गोळा हजारो टनांच्या दाबाखाली आकार घेतो, त्या पोकळ्या उरत नाहीत आणि तेवढ्याच ताकदीला कमी धातू पुरतो. जपानच्या रेज या चाके बनवणाऱ्या कंपनीने १९९६ मध्ये आणलेल्या घडीव टीई३७ च्या नावातला ३७ हा १५ इंची चाकाच्या ३.७ किलो वजनावरून आला. मधला मार्ग फ्लो फॉर्मिंगचा: ओतीव चाकाचा पिंप, म्हणजे टायर ज्यावर बसतो तो गोल भाग, तापवून रोलरखाली ताणायचा. धातू पातळ होतो तो नेमका काठाला, म्हणजे जिथे गुणक १.४ आहे तिथे.

हलकेपणाची हाव धरताना थकवा विसरता येत नाही. व्हर्टसचे चाक एका किलोमीटरला सुमारे ५०० फेरे मारते. ५०,००० किमीला अडीच कोटी. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरा वाकतो आणि सरळ होतो. पोलादाला एका ठरावीक ताणाखाली असे फेरे जवळपास अमर्याद सोसतात, ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित पातळी नाही. म्हणूनच चाकाची चाचणी तीन तऱ्हांनी होते: वळणासारखा वाकवणारा जोर देऊन फिरवणे, भाराखाली ढोलावर चालवणे आणि तिरक्या काठावर वजन टाकणे. आपल्याकडे वाहनांची मानके आणि चाचण्या यांचे मोठे काम पुण्यातली एआरएआय ही संस्था करते. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे चाचणीचे शिक्के असतात. नवी चाके बसवून त्यांच्याखाली लिंबू ठेवणारे बरेच आहेत, पण चाकाच्या पाठीमागे कोरलेली भारक्षमता वाचणारे फार थोडे. आऱ्यातली चीर लिंबाने थांबत नाही. एका चाकाची भारक्षमता त्या आसावरच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी असेल, तर ते चाक कितीही देखणे असले तरी परत द्या.

खरेदीच्या वेळी चाक वजनकाट्यावर ठेवायला सांगा, आणि टायरही. बसवताना हबवरचा गंज घासून काढा, बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापाला आवळा आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासा. नव्या रंगाचा थर बोल्टखाली दबून बसतो, त्याबरोबर बोल्टचा ताण उतरतो, आणि चाक धरून ठेवणारे घर्षण त्याच ताणातून येत असते.