इन्कॉग्निटोत काय लपतं, काय उघडं राहतं

ब्राउझरची इन्कॉग्निटो (खासगी) विंडो बंद केली की त्या वेळेपुरती हिस्ट्री आणि कुकीज (साइट्स ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) पुसल्या जातात. डाउनलोड केलेल्या फायली मात्र फोनमध्येच राहतात. फोन घरातल्या कोणी पाहिला तर हे उपयोगाचं, पण इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

साइट एचटीटीपीएसवर असेल, म्हणजे फोन आणि साइटमधली देवाणघेवाण सांकेतिक रूपात होत असेल, तर पानावरचा मजकूर आणि पासवर्ड वाटेत कोणाला वाचता येत नाहीत. साइटचं नाव मात्र दिसतं. कारण पान उघडण्याआधी फोन डीएनएस सर्व्हरला (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या संगणकाला) ‘या नावाचा आयपी पत्ता काय?’ असं विचारतो, आणि हा प्रश्न सहसा उघडाच जातो.

तो झाकायची सोय अँड्रॉइड ९ पासून आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा. तिथे ‘ऑटोमॅटिक’ असेल तर नेटवर्कच्या सर्व्हरला जमलं तरच प्रश्न झाकला जातो, नाहीतर गुपचूप उघडा जातो. म्हणून होस्टनेमचा (सर्व्हरचं नाव स्वतः लिहिण्याचा) पर्याय निवडा आणि तिथे गूगलचं ‘dns.google’ किंवा क्लाउडफ्लेअर या कंपनीचं ‘one.one.one.one’ लिहा. इथे बरेच जण १.१.१.१ असा आकडी पत्ता टाकतात. तो चालत नाही, नावच लागतं. अर्थात आता तुमचे प्रश्न गूगल किंवा क्लाउडफ्लेअरकडे जातात. विश्वास कोणावर टाकायचा, एवढंच आपल्या हातात.

हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायचं लॉगिन पान उघडेनासं झालं तर कारण बहुधा हेच असतं: ते नेटवर्क लॉगिनआधी बाहेरच्या सर्व्हरपर्यंत पोचूच देत नाही. तात्पुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा, लॉगिन करा, मग पुन्हा होस्टनेमवर या.

तरीही एक फट उरते. जोडणी सुरू होताना ब्राउझर साइटचं नाव पुन्हा एकदा उघड सांगतो. ते झाकणारं एनक्रिप्टेड क्लायंट हेलो हे तंत्र क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२३ मध्ये आलं, पण समोरच्या साइटनेही ते स्वीकारलेलं असावं लागतं. अजून अनेकांनी स्वीकारलेलं नाही.

जाहिरातवाल्यांचा माग वेगळाच. तो थर्ड-पार्टी कुकीजमधून, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी तिच्यावरच्या जाहिरात कंपन्यांसारख्या इतरांनी ठेवलेल्या कुकीजमधून, काढला जातो. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने त्या २०२० मध्येच सरसकट बंद केल्या. क्रोमने तसं जाहीर करून २०२४ मध्ये माघार घेतली. त्यामुळे क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन त्या आपणच ब्लॉक कराव्यात. एखाद्या साइटचं लॉगिन अडलं तर तेवढ्या साइटपुरती सूट द्या.

ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीने स्वतःचं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) बसवलेलं असेल तर एचटीटीपीएसमधला मजकूरही तिला वाचता येतो. खासगी कामाला आपला फोन आणि आपला डेटाच वापरावा.